उताराच्या टोकाचा फवारा

प्रिय ठकू,

रविवारी फोनवर मी "लिहून कळवतो" म्हणालो तेव्हा तू खो खो हसलीस. हस बाई, हस. हो-नाहीच्या एका प्रश्नासाठी पत्र लिहिणारा बाप जगात एखादाच उरला असेल आणि तो नेमका तुझ्या वाट्याला आलाय. पण फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू भरभर बोलतेस, मी हं हं करतो, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की आपण सगळ्यालाच मान डोलावली. या वेळी तसं करून भागणार नव्हतं. तुझा प्रश्न मी एका चिठोऱ्यावर उतरवून समोर ठेवलाय, म्हणजे भरकटायला नको. त्या वृद्धनिवासाच्या ऑफिसातून तुला फोन आला. आईला सांभाळणाऱ्या मावशींनी तिथे कामासाठी अर्ज केलाय आणि आधीच्या कामाच्या रकान्यात आपलं घर आणि तुझा नंबर दिलाय. शुक्रवारपर्यंत त्यांना कळायला हवंय की ही बाई म्हाताऱ्या माणसांजवळ ठेवण्यासारखी आहे की नाही. आणि तू मला विचारलंस, "बाबा, जे झालं ते त्यांना सांगू ना? उद्या दुसऱ्या कुणाच्या आईचं तसं झालं तर?" कुरियरवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलंय की पत्र गुरुवारी पोचेल. म्हणजे तुझ्या हातात एक दिवस राहतो. हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना फोन करू नकोस, एवढं माझं ऐक.

सुरुवात लॉनपासून करावी लागणार. झालं, निघाले बाबा पाईप घेऊन, असं म्हणू नकोस. तुझ्या आईचा त्या हिरवळीवर किती जीव होता ते तू लहानपणापासून बघितलंयस. कुणी चपला घालून तिच्यावरून गेलं की हिच्या पोटात कळ यायची. नळी घेऊन रोज संध्याकाळी स्वतः पाणी घालायची. मग गुडघे गेले, बोटं वाकडी झाली आणि नळी माझ्याकडे आली. मी पाणी मारणार आणि ही व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून चौकातल्या पोलिसासारखे हात करणार, अहो तो कोपरा राहिला, अहो तिथे तळं झालं. रोज आमची जुंपायची. त्या उन्हाळ्यात माझी पाठ धरली, महिनाभर पाणी नीट पडलं नाही, आणि हिरवळीला हे एवढाले पिवळे चट्टे पडले. ही अवाक्षर बोलली नाही. एक दिवस स्वेटर विणता विणता मान वर न करता म्हणाली, "राहू दे हो, फरशी घालून टाकू सगळीकडे." भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिने असं हार मानलेलं मला बघवेना. त्याच दिवशी ठरवलं की फवारे बसवायचे, वेळ झाली की आपोआप चालू होणारे आणि आपोआप बंद होणारे. हिने फक्त बसून बघायचं.

तू तेव्हा म्हणाली होतीस, माणूस बोलवा आणि करून घ्या. मी बोलावतोय! चौतीस वर्षं पाणी खात्यात गळती शोधत रस्तोरस्ती हिंडलेला माणूस मी. जमिनीला सळई टेकवायची, तिचं दुसरं टोक कानाला लावायचं आणि रस्त्याखाली पाणी कुठे वाया जातंय ते ओळखायचं, यावर घर चालवलं. खात्यात मला वैद्यबुवा म्हणायचे. असल्या माणसाने अंगणातल्या सात फवाऱ्यांसाठी दुसऱ्याच्या पाया पडायचं? आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. बादली आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन नळाला किती जोर आहे ते मोजलं. एका फवाऱ्याचं पाणी पुढच्या फवाऱ्याच्या बुडापर्यंत पोचावं लागतं, नाहीतर मधली जागा कोरडी राहते, म्हणून दोऱ्या ताणून खुंट्या ठोकल्या. गवताचे चौकोन कापून ओल्या गोणपाटावर मांडून ठेवले आणि खाली वीतभर खोल चर खणले. तुझी आई टोपी घालून टेपचं एक टोक धरून बसायची आणि दर पाच मिनिटांनी विचारायची, अजून किती, हात अवघडला माझा. मी म्हणायचो, तुझ्याच लॉनचं चाललंय बाईसाहेब.

आणि मावशी होत्याच. आईच्या पहिल्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तूच त्यांना आणलंस, महिन्याभरासाठी म्हणून, आणि त्या अकरा वर्षं राहिल्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी मीही मावशीच म्हणायचो, कारण घरात तेच नाव चालायचं. सकाळी साडेसातला यायच्या. आईची आंघोळ, वेणी, गोळ्या, फिरवून आणणं, सगळं त्यांच्याकडे. फवाऱ्यांचं काम निघालं तेव्हा हेही त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पाईपच्या सांध्याला सोल्यूशन लावलं की तीस आकडे होईपर्यंत तो घट्ट धरून ठेवावा लागतो, नाहीतर सरकतो. मावशी दोन्ही हातांनी सांधा धरायच्या, मोठ्याने मोजायच्या आणि मग विचारायच्या, "तीस झाले भाऊ, सोडू का?" त्यांनी धरलेला एकही सांधा आजतागायत गळलेला नाही.

पहिल्यांदा पाणी सोडलं तो दिवस तू फोटोत बघितलास. नोझल लावायच्या आधी पाईप धुवून काढले, आतली माती गेली, मग नोझल लावली आणि टायमर फिरवला. सातही फवारे फस्स करून एकदम गवतातून वर आले आणि तुझी आई शाळकरी पोरीसारखी किंचाळली. मावशींनी घरातले सगळे रिकामे डबे आणून लॉनभर मांडले, कुठे किती पाणी पडतं ते मोजायला, आणि दोघी मिळून माझ्या प्रत्येक आकड्यात खोट काढत बसल्या. दोन महिन्यांत चट्टे भरून आले. टायमर पहाटे पाचला चालू व्हायचा आणि पाच वीसला बंद. आठ वाजता आई काठी टेकत फरशांच्या वाटेने खालच्या कोपऱ्यातल्या बाकापर्यंत जायची आणि तासभर ऊन खात बसायची. एकदा मला म्हणाली, "तुम्ही लग्नात दिलेल्या साडीपेक्षा हे बरं आहे." ती साडी तिला कधीच आवडली नव्हती हे मला चाळीस वर्षांनी कळलं. हे सगळं एवढं लांबण लावून सांगतोय, कारण तिला ते सुख मी दिलं होतं आणि पुढे जे लिहायचंय ते लिहायच्या आधी एवढं तरी मला सांगून घ्यायचं होतं.

आपलं लॉन सपाट दिसतं, पण सपाट नाही. घरापासून बाकापर्यंत कमरेइतका उतार आहे. फवाऱ्यांच्या दुकानात एक मिस्त्री बसतो, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला, माझ्याच वयाचा. माझा नकाशा बघून तो म्हणाला, सगळं झकास आहे साहेब, फक्त हा शेवटचा, उताराच्या टोकाचा फवारा साधा लावू नका. वरचा व्हॉल्व्ह बंद झाला तरी पाईपात पाणी उरतं. ते उतारावरून खाली येतं आणि सगळ्यात खालच्या फवाऱ्यातून पाझरत राहतं, तासभर सुद्धा. तिथे आत झडप असलेला फवारा लावा, म्हणजे पाणी अडेल. त्याच्याकडे तो त्या दिवशी शिल्लक नव्हता, पंधरा दिवसांनी येणार होता. मला कुठला दम निघतोय! साधा लावला, तात्पुरता म्हणून. पंधरा दिवसांनी झडपेचा घेऊनही आलो. पण तोवर गवत नुकतं धरलं होतं, ते परत उकरायचं जिवावर आलं. आणि खरं सांगू का ठकू? मला त्या मिस्त्रीचं ऐकायचंच नव्हतं. दुकानातला एक माणूस माझा नकाशा बघून त्यात चूक काढतो, हे मला लागलं होतं. तो फवारा हत्यारांच्या कपाटात खोक्यासकट वर्षाच्या वर पडून होता.

आणि मिस्त्री बोलला तस्संच झालं. बाकाजवळच्या शेवटच्या दोन फरशा रोज सकाळी ओल्या. तिथे कुंपणाची सावली असते, दहा वाजेपर्यंत सुकायचं नाव नाही. महिन्याभरात शेवाळ धरलं. आता हे नीट वाच. मला कळलं नव्हतं असं नाही. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. दर रविवारी आई उठायच्या आत मी तारेचा ब्रश घेऊन खाली जायचो आणि त्या दोन फरशा घासून काढायचो. तिला सांगायचो की गाळणी साफ केली, नोझलमध्ये अडकलेली माती काढली. ते मी करायचोही, पण आधी फरशा. फवारा बदलणं हे अर्ध्या तासाचं काम. ते टाळून हा शहाणा माणूस चौदा महिने दर रविवारी शेवाळ घासत बसला, आणि वर गल्लीत फवाऱ्यांची शेखी मिरवत फिरला. मग तू आठ दिवसांची रजा काढून आलीस. रविवारी सकाळी तू लवकर उठलीस, चहा केलास, आपण तिघं व्हरांड्यात बसलो, तुझ्या नव्या साहेबाची नक्कल करून तू आईला हसवून हसवून रडवलंस. फरशा घासायच्या राहिल्या. विसरलो नव्हतो. तुझ्यासमोर ब्रश घेऊन गेलो असतो तर तू विचारलं असतंस, म्हणून नाही गेलो. म्हटलं, पुढच्या रविवारी बघू.

मंगळवारी आठ वाजता आई पडली. तू स्वयंपाकघरातून धावत आलीस, मी वरून जिना उतरून आलो, तोवर मावशी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेऊन होत्या. तुला काय दिसलं ते मला माहीत आहे. ओली फरशी, आणि शेजारी मावशींची बादली. बाकावर पाखरांनी घाण केली होती, ती पुसायला आईनेच त्यांना पाणी घ्यायला सांगितलं होतं. पण तू आधीच न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवरून मावशींना दोनदा बोलली होतीस, तेव्हा तुझ्या डोक्यात तेच आलं. तू ओरडलीस, "कितीदा सांगितलं, आई चालत असताना पाणी टाकू नका!" मावशी म्हणाल्या, "ताई, मी थेंब नाही टाकला." तू म्हणालीस, "मग हे पाणी आलं कुठून?" आणि तू माझ्याकडे बघितलंस. मावशींनीही बघितलं. ठकू, ती बादली काठोकाठ भरलेली होती. तुझं लक्ष नव्हतं, तुझं सगळं लक्ष आईकडे, असणारच. पण माझ्या नजरेतून पाणी सुटत नाही, माझा जन्म त्यात गेलाय. भरलेली बादली मी बघितली, आणि तुला म्हणालो, "टायमर तर पाच वीसलाच बंद होतो." अगदी खरं वाक्य. त्यातला एक शब्द खोटा काढून दाखव. त्या एका खऱ्या वाक्याने मी मावशींचा गळा कापला.

मावशींनी माझ्याकडे किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार नाही. फार नसेल. त्यांना फवाऱ्यांमधलं काही कळत नव्हतं, त्या ओल्या फरशांचं कारण त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं असणार की भाऊ बोलतील, निदान अकरा वर्षांत ही बाई अशी वागलेली नाही एवढं तरी म्हणतील. मी मिठाची गुळणी धरून उभा. मग अॅम्ब्युलन्स आली. संध्याकाळी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तू त्यांना सांगितलंस की उद्यापासून येऊ नका. आईची काठी त्यांच्या हातात राहिली होती, ती माझ्याकडे दिली आणि गेल्या. आई पाच आठवडे हॉस्पिटलच्या खाटेवर होती. दहाव्या दिवशी तुला कामावर परत जावं लागलं आणि तू परत आलीस ते शेवटच्या चार दिवसांसाठी, तेव्हा छातीत कफ भरून ती कुणालाच ओळखत नव्हती. मधले तीन आठवडे आम्ही दोघंच होतो. त्याबद्दल शेवटी लिहितो.

ती गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला तू रडत रडत तेच सांगितलंस, आणि मी शेजारी बसून ऐकलं. त्यात तुझा काय दोष, तुला जे दिसलं ते तू सांगितलंस. पण आपली गल्ली तुला माहीत आहे. आठ दिवसांत मावशींचं आणखी एका घरचं काम होतं तेही गेलं. पुढे कुणी दारात उभं करेना. त्याहून वाईट म्हणजे तू स्वतःला दोष द्यायला लागलीस. "मीच आणली होती त्यांना, बाबा," असं तू दर फोनला म्हणतेस, अजून म्हणतेस, परवाच्या रविवारीही म्हणालीस. मी काय म्हणतो? हं. एकदा म्हणालो, तू नको मनाला लावून घेऊस. बघ, किती मोठ्या मनाचा बाप! दीड वर्ष मी तुझ्या मानेवर ते ओझं राहू दिलं, कारण ते उतरवायचं तर माझ्या मानेवर यायचं होतं. तू मला बाबा म्हणून ज्या आवाजात हाक मारतेस तो आवाज बदलेल याची मला भीती वाटत होती. आत्ताही वाटतेय.

मावशी आता बाजारामागच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतात. दिवसभर उभं राहून. तीन आठवड्यांपूर्वी मी दोन पडदे घेऊन तिथे गेलो. पडदे स्वच्छच होते, उगाच निमित्त. मला बघून त्या हात पुसत बाहेर आल्या आणि पहिलं काय विचारलं असेल, तर ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घेताय ना भाऊ. मग विचारलं, ताई कशा आहेत. मग लॉन हिरवं आहे का. मी तयारी करून गेलो होतो, सांगायचंच म्हणून गेलो होतो. तेवढ्यात त्यांनी पडद्याची किनार चाचपत विचारलं, "वहिनींनी शेवटी माझं नाव काढलं होतं का हो कधी?" म्हणालो, ती शुद्धीवर नव्हती मावशी. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "बरंच झालं मग, त्रास नाही झाला त्यांना." पडदे घेतले, पावती दिली आणि आत गेल्या. मी तिथे पायरीवर बराच वेळ उभा होतो, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट सोडत.

फवारा मी बदलला. आई गेल्यावर सहा आठवड्यांनी, एका सकाळी. गवत उकरलं, जुना काढला, झडपेचा बसवला, माती दाबली. बावीस मिनिटं लागली, घड्याळ लावून बघितलं. तेव्हापासून त्या फरशा खडखडीत कोरड्या आहेत. बाकी सगळं मी अजून करतो, गाळणी धुतो, नोझल टाचणीने साफ करतो, उन्हाळ्यात पाच मिनिटं वाढवतो, वाकडा झालेला फवारा सरळ करतो. मागच्या खेपेला तू बाकावर बसून म्हणालीस, बाबा, किती छान ठेवलंय हो, आईला आवडलं असतं. तू आत गेल्यावर मी तिथेच बसून रडलो. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. त्या ऑफिसला सांग की या बाईंनी अकरा वर्षांत आमच्या आईला एक ओरखडा उठू दिला नाही. आई पडली ती घरातल्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे, आणि ते त्या माणसाने लिहून दिलंय. वाटल्यास हे पत्र त्यांना दाखव. मी स्वतः फोन केला असता, पण त्यांनी विचारलंय तुला, आणि तुझ्या तोंडून गेलेलं तुझ्याच तोंडून परत यायला हवं.

पण नोकरीचं काम दोन ओळींत झालं असतं, त्यासाठी एवढी पानं लागली नसती. त्या तीन आठवड्यांत आई पूर्ण शुद्धीवर होती, ठकू. तिने तीनदा विचारलं, मावशी का येत नाहीत. पहिल्यांदा मी म्हणालो, निरोप दिलाय. दुसऱ्यांदा म्हणालो, येतील. तिसऱ्यांदा तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "अहो, बोलवा ना त्यांना, त्यांनी केस विंचरले की दुखत नाही." आणि मी तिला म्हणालो, मावशी यायला तयार नाहीत. कारण त्या आल्या असत्या तर दोघी त्या सकाळबद्दल बोलल्या असत्या आणि पाणी कुठून आलं हे तिला कळलं असतं. ती छताकडे बघत म्हणाली, "रागावल्या असतील. माझंच काहीतरी चुकलं असेल." त्यानंतर तिने त्यांचं नाव काढलं नाही. हे मला मावशींना सांगायचंय. मग आधी तुला का लिहिलं? कारण मी त्यांना ओळखतो आणि आता स्वतःलाही ओळखतो. त्यांच्याकडे आधी गेलो असतो तर त्या म्हणाल्या असत्या, झालं ते झालं भाऊ, ताईंना नका कळू देऊ, एकुलती एक लेक आहे, तुटेल. आणि मी हो म्हणालो असतो, सुटलो म्हणत घरी आलो असतो आणि मरेपर्यंत गप्प बसलो असतो. तू हे वाचलंस म्हणजे ती वाट मला बंद झाली. तू आधी मावशींना फोन कर. मला नंतर कर, वाटलं तर. नाही केलास तरी मी तक्रार करणार नाही. हे पाकीट कुरियरच्या खिडकीत देतो आणि तिथून तसाच लाँड्रीत जातो. त्यांच्यासमोर उभं राहून एवढंच सांगणार आहे की वहिनी तुम्हाला तीनदा बोलावत होत्या, मी तुम्हाला कळवलं नाही.

तू म्हणशील तोवर तुझाच,
बाबा